डावी बाजू

"कलंडणार ते," पापा म्हणाले, आणि उकडलेल्या केळ्याचं साल सोलत राहिले.

मिरासोलने मागे वळून पाहिलं नाही. रविवारची दुपार होती, शेजारच्या घरातलं कराओके सुरू झालेलं होतं, कुणीतरी पुरुष उंच सूर लावायला जाऊन मध्येच खोकत होता, आणि पंख्याचा वारा आधी तिच्या मानेवर, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मग पुन्हा मानेवर येत होता. सगळं होतं तसंच होतं. फक्त ते वाक्य खोलीत आलेलं होतं आणि आता बाहेर जायला तयार नव्हतं. इतकी वर्षं पापा तिच्या खुर्चीमागून जात ते प्रार्थनेला बसलेल्या माणसामागून जावं तसे, नजर खाली, पावलं हलकी. संगणकाच्या पडद्यावर काय चाललंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आज त्यांनी बशी तिच्या कोपराशी ठेवली, केळी, त्याच्या कडेला गिनामोसची खारट, उग्र वासाची मासळीची चटणी, आणि सरळ होताना त्यांची नजर पडद्यावर गेली. तांबड्या मातीच्या मैदानात लोखंडी पंज्यांनी धरून ठेवलेलं ते अवाढव्य जहाज त्यांनी पाहिलं. किती वेळ पाहिलं, तिला कळलं नाही. केळ्याचं साल निघताना होतो तेवढाच आवाज झाला. तीन वाजता ते पंजे उघडायचे होते.

पापांना सगळंच कलंडताना दिसतं, हे तिला ठाऊक होतं. हे घरातलं जुनं हसू होतं. बाळ येशूच्या मूर्तीची फळी कलंडणार, कपाट कलंडणार, समोरच्या वळणावरून जाणारी प्रवाशांची जीपनी गाडी माणसांनी लगडलेली असली की ती कलंडणार. आई असताना ती मुद्दाम ताटात भाताचा ढीग एका बाजूला वाढायची आणि म्हणायची, "बघ बाई, आता ताट कलंडेल." पापाही हसायचे, पण बोटाने भात मध्ये ओढून घ्यायचे. कुठलं कपाट कधी पडलं नाही. जीपन्या धापा टाकत वळण घेऊन गेल्या. तरी पापांचं वाक्य दर वेळी नवं असे, जसं काही त्यांना ते आत्ताच, पहिल्यांदाच दिसलं आहे. आणि तिला दर वेळी दिसायचा तो बांतायान बेटाचा किनारा. ती नऊ-दहा वर्षांची असेल. पापा तेव्हा बोटी बांधत. कागदावर रेघ न ओढता, एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्याने लाकडाकडे बघत बांधत. सुकी मासळी सेबूला न्यायला कुणा व्यापाऱ्याने मोठी लाँच सांगितली होती, गावात तोवर झाली नव्हती एवढी मोठी. ती पाण्यात घालायच्या दिवशी कोंबडीचं रक्त बोटीच्या पुढच्या टोकाला लावलं, पाद्रींनी पाणी शिंपडलं, पुरुषांनी खांदे लावले. बायका आणि मुली माडांच्या ओळीमागे. पाण्यात जाण्याआधी बाईचा हात किंवा पाय बोटीला लागू नये, अशी समजूत. मिरासोलला माडाच्या खोडाची खरखर अजून गालावर आठवते, कारण ती खोडाला गाल लावून बघत होती. बोट घसरली, पाण्यावर बसली, उभी राहिली. आणि मग एखादा म्हातारा शेजारच्याचं बोलणं ऐकायला झुकावा तशी सावकाश डावीकडे झुकत गेली आणि उथळ पाण्यात आडवी झाली. कुणी ओरडलं नाही. तेच वाईट होतं. नंतर बायकांत कुजबुज झाली की पोलिकार्पोच्या, म्हणजे पापांच्या, बायकोने लाकडाला हात लावला होता. आईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पापांनीही नाही. त्या पावसाळ्याआधी ते सेबू शहरात आले, पापा एका गोदामावर पहारेकरी झाले, आणि पुन्हा त्यांनी कशाचंही काही बांधलं नाही. मोडलेलं स्टूलही ते शेजारच्याकडून ठोकून आणत.

म्हणजे वाक्याला अर्थ नव्हता. ती सवय होती, खोकल्यासारखी. मिरासोलने केळं तोडलं, चटणीत बुडवलं, तोंडात टाकलं. चव लागली नाही. कलंडणार ते. गेल्या तीन आठवड्यांत तिने स्वतःला हे वाक्य किती वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतं, आणि दर वेळी आकड्यांनी, चाचण्यांनी, थकव्याने ते मागे सारलं होतं. आता ते दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं, मोफत, केळ्यांबरोबर.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. जोन्स रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत, खिडकीकडे पाठ करून, अनोळखी माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून. साथीच्या वर्षात प्रयोगशाळा काही महिने बंद राहिली तेव्हा तिचे हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हातांनी तिला भंडावलं. झोपेतही बोटं काहीतरी घासत असायची. एका सहकारणीने जुना संगणक विकायला काढला होता, त्यात हा खेळ होता. लोक त्यात एकमेकांची अवकाशजहाजं स्फोटाने उडवतात, असं तिला सांगण्यात आलं. तिने कुणाचं काही उडवलं नाही. पहिल्याच दिवशी तिच्या हातात लोखंड जोडायचा वेल्डर आला. खेळात सगळ्यांना देतात तसा, साधा, पिवळ्या दांड्याचा, आणि तिने एका सांगाड्याला तो लावला. ठिणग्या उडाल्या. नुसत्या चार कडा होत्या तिथे तारा आल्या, तारांवर जाळी आली, जाळीवर पत्रा चढला आणि तो पत्रा भक्कम, थंड, खरा वाटला. तिने हेडफोन काढून कान चोळले होते. वेल्डरचा तो आवाज, कढईत पाण्याचे थेंब पडावेत तसा, तिच्या कवटीत कुठेतरी खोल जाऊन बसला होता. त्यानंतर तिने भट्टी उभी केली, जिच्यात फिरत्या खडकांतून खणून आणलेला खनिजदगड वितळवायचा. मग जुळणीयंत्र, ज्याच्या एका तोंडातून धातू घालायचा आणि दुसऱ्या तोंडातून पत्रे, मोटारी, काचा घ्यायच्या. मग ग्राइंडर, बांधलेलं पुन्हा सुटं करणारा. आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्टर. तो रिकाम्या मैदानावर जहाजाची निळसर छाया पाडतो, आरपार दिसणारी, हात घातला तर हात पलीकडे जाणारी. त्या छायेत उभं राहून वेल्डर धरायचा आणि छाया जिथे आहे तिथे लोखंड भरत जायचं. पहिल्यांदा ती छाया उभी राहिली तेव्हा मिरासोलला रडू आलं होतं, आणि का ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं. कुणीतरी आधी पूर्ण पाहून ठेवलेली वस्तू आपण हळूहळू खरी करायची. डोळा मिटून नाही, सगळ्यांना दिसेल अशी. आणि तिथे माडांची ओळ नव्हती.

खेळात तिच्याकडे लोक एकेक करून आले. जोहोरचा रशदान आला, तंत्रनिकेतनात शिकवणारा, हळू बोलणारा. मोठ्या बहिणीला त्यांच्याकडे म्हणतात तसं तो तिला 'काक' म्हणू लागला आणि मग सगळेच म्हणू लागले. दानांगची दिएप आली, हॉटेलात चादरी बदलायचं काम करणारी, बोलताना सतत काहीतरी खाणारी. मकासरचे एक निवृत्त पोस्टमास्तर आले. असे पुष्कळ. त्यांनी ठरवलं की लढायचं जहाज नाही बांधायचं, राहायचं बांधायचं. प्रत्येकाची एक खोली. आधी आले त्यांनी मधल्या कण्याजवळ खोल्या घेतल्या, मग उजवीकडे, आणि उशिरा येणाऱ्यांना डावीकडची जागा मिळाली. आणि उशिरा येणाऱ्यांचीच हौस मोठी होती. पोस्टमास्तरांनी कबुतरखाना बांधला, खेळात कबुतरं नसताना. दिएपने नुसती काचेची खोली बांधली, आत काहीच नाही. डावी बाजू वाढत गेली, जड होत गेली, पोक काढल्यासारखी बाहेर आली. बांधकाम पुरं होत आलं तेव्हा रशदानने सगळं वजन मोजलं आणि मग पुन्हा एकदा मोजलं.

"काक, डावीकडचं कापावं लागेल," तो म्हणाला होता.

"उजवीकडे वजन घालू."

"मग इंजिनं उचलणार नाहीत. आत्ताच कशीबशी उचलतील."

"किती कापायचं?"

"कबुतरखान्यापासून पुढचं सगळं."

पुढचं सगळं म्हणजे शेवटी आलेले सगळे. ते ऐकत होते. बोलण्याच्या त्या सामाईक वाहिनीवर सगळेच असत. पोस्टमास्तरांनी घसा साफ करून म्हटलं की त्यांची हरकत नाही, ते ग्राइंडर घेऊन येतात. ते हे इतक्या नम्रपणे म्हणाले, की तिला माडाच्या खोडाची खरखर गालावर जाणवली. "नको, थांबा," ती म्हणाली. "मला जरा बघू द्या." आणि त्यानंतरचे तीन आठवडे ती कामावरून येऊन, हात धुऊन, थेट इथे बसत होती. तिने खालची इंजिनं एकेक काढून डावीकडे सरकवली. तोलचक्रं, म्हणजे जहाज फिरू-वळू लागलं की त्याला अडवून सरळ धरणारी ती भोवऱ्यासारखी यंत्रं, होती नव्हती तेवढी उजव्या टोकाला नेऊन गच्च बसवली. जहाज दिसायला आणखी विचित्र झालं. मग तिने तसंच छोटं जहाज बांधून दोनदा उडवून पाहिलं. एकदा ते उलटून मातीत घुसलं. एकदा उठलं.

"एकदा पडलं, एकदा उठलं. यातून काय समजायचं?" रशदानने विचारलं.

"उठू शकतं, एवढं."

"माझे आकडेही तेवढंच सांगतात. निम्मं-निम्मं. माझं मत अजून कापायच्याच बाजूने आहे. पण मोडलं तर मोडलंच हां काक, या सर्व्हरवर परत मिळत नाही. सगळ्यांची दोन वर्षं आहेत."

"माझीपण आहेत," ती म्हणाली होती.

आणि आता, हातात चटणी लागलेलं केळं आणि कानात शेजारच्याचा खोकरा सूर, तिला वाटलं की हा धोका घ्यायला आपल्याला मुळात कुणी सांगितलं होतं? कवळी नीट बसली नाही तर ती परत येते, घासून देता येते. या हातांनी आजवर जे केलं ते सगळं परत येण्यासारखं होतं. तिने बोटं फडक्याला पुसली, हेडफोन चढवले आणि खेळात जहाजाकडे निघाली. पडद्यावर तिचे स्वतःचे बूट दिसत नव्हते, पण मातीवर त्यांचा आवाज होत होता. ती डावीकडे वळली. ग्राइंडर कधी हातात घेतला ते तिला आठवत नव्हतं. अजून तासभर होता. तासाभरात कबुतरखान्यापासून पुढचं सगळं सुटं करता आलं असतं, पत्रे ढीग करून मैदानात ठेवता आले असते, परत कधीतरी बांधू म्हणता आलं असतं. लोकांनी समजून घेतलं असतं. तेच वाईट होतं, त्यांनी समजून घेतलं असतं. ती काचेच्या खोलीशी पोचली. ग्राइंडर घुमायला लागला होता, त्याची धार काचेच्या चौकटीपासून वीतभर अंतरावर थरथरत होती, आणि काचेमागे दिएप उभी होती.

"काक, काय करतेस?" तिच्या तोंडात काहीतरी कुरकुरत होतं.

"काही नाही. बघतेय."

"ग्राइंडर लावून बघतेस?"

मिरासोलने धार चौकटीपासून जरा मागे घेतली.

"माझी खोली काप हवी तर," दिएप म्हणाली. "खरंच. मी कुठेही उभी राहीन. पण मग मला आधी बाहेर पडू दे, नाहीतर माझा पायबिय कापशील."

"तू आत काय करतेयस?"

"काय करणार? बसलेय. दिवसभर लोकांच्या खोल्या आवरते मी. इथे आवरायला काही ठेवलंच नाहीये. छान वाटतं." पुन्हा कुरकुर. "कापतेस?"

मिरासोलने ग्राइंडर बंद केला. तो बंद होतानाचा खाली खाली जाणारा आवाज तिने पूर्ण संपेपर्यंत ऐकला. मग तिने हेडफोन काढले. खोली एकदम मोठी झाली. पंखा, कराओके, खालच्या गल्लीत कुणाच्या तरी कोंबड्याला गोंजारणारे पुरुष. पापा पलंगाच्या कडेला बसून सालं एका कागदात गुंडाळत होते.

"पापा, का कलंडेल?"

"काय?"

"मघाशी म्हणालात ना. जहाज. का कलंडेल ते?"

"तसं दिसतं."

"कुठे दिसतं? दाखवा मला. कुठल्या बाजूचं, काय बघून म्हणालात?"

पापा उठून आले. चष्मा वर केला, खाली केला. पडद्याजवळ इतके झुकले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. बराच वेळ ते शोधत राहिले, आणि शोधताना त्यांचा चेहरा परीक्षेतल्या मुलासारखा होत गेला. मग ते सरळ झाले.

"मला ह्यातलं काय कळतंय, इंदाय," ते म्हणाले. लेकीला लाडाने मारायची ती त्यांची हाक होती. "मला सगळंच तसं दिसतं. आडवं झालेलंच दिसतं आधी. मग ते उभं आहे हे कळतं."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला क्षणभर काही ऐकूच आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं त्यांना कपाट कलंडेल असं वाटत नव्हतं. ते कलंडलेलंच त्यांच्या डोळ्यांपुढे येत होतं, रोज, भाताच्या ताटापासून रस्त्यापर्यंत, आणि रोज त्यांना जगाला मनातल्या मनात पुन्हा उभं करून ठेवावं लागत होतं. आणि ते काम ते एकटेच करत आले होते. तिला आधी त्यांच्यासाठी हळहळ वाटली, आणि तिच्या मागोमाग, लाज वाटावी इतकी स्वच्छ, सुटका. त्यांनी तिचं जहाज पाहिलंच नव्हतं. त्यांनी स्वतःचं पाहिलं होतं. तिच्या जहाजाबद्दल या जगात फक्त एकाच माणसाला सांगता येण्यासारखं होतं, आणि ते माणूस चटणीचा हात पुसत या खुर्चीवर बसलेलं होतं. इंजिनं तिने सरकवली होती. प्रत्येक बोल्ट तिच्या बोटांत होता.

"बसा इथे," तिने स्टूल ओढलं. "तीन वाजता उडवायचंय."

"मी कशाला? मी जातो खाली."

"बसा, पापा."

ते बसले, स्टूलच्या कडेवर, उठायच्या तयारीत.

तीन वाजता तिने पुन्हा हेडफोन लावले तेव्हा सगळे जहाजातल्या आपापल्या खोल्यांत होते. तिने कुणालाही जहाजाबाहेर राहायचं असेल तर राहा म्हणून सांगितलं होतं; बाहेरून बघणं शहाणपणाचं होतं. रशदान तिच्या शेजारच्या आसनावर येऊन बसला.

"तुमचं मत कापायचं होतं ना?" तिने विचारलं.

"मत अजून तेच आहे. पण खोली माझीही आहे की आत."

तिने इंजिनं चालू केली. तांबडी माती चारी बाजूंनी उठली आणि पडदा भरून गेला. मग तिने पंजे उघडले. एकेक पंजा सुटताना होणारा जड, बोथट ठोका तिला कानापेक्षा दातांत जाणवला. शेवटचा सुटला आणि जहाज जमिनीवरून हातभर उचललं गेलं, आणि डावीकडे झुकू लागलं. सावकाश. ही सावकाशी तिच्या ओळखीची होती. क्षितिज तिरपं झालं. कुणाच्या तरी खोलीत काहीतरी घसरून आपटलं. धुळीतून डावं टोक जमिनीकडे जात होतं, काचेची खोली असलेलं टोक, आणि रशदानचा आवाज, अजूनही हळूच, म्हणाला, "काक, बंद करा. अजून उंची नाहीये, बंद केलं तर वाचेल." तो बरोबर बोलत होता. बंद केलं असतं तर ते धप्पकन खाली बसलं असतं, थोडं चेपलं असतं, आणि मग सगळ्यांनी समजून घेतलं असतं. तिची बोटं इंजिनं बंद करायच्या बटणावर होती. तिला माहीत होतं की तोलचक्रं उशिरा जागी होतात. छोटं जहाज पडलं तेव्हा तिने घाबरून जोर कमी केला होता, आणि उठलं तेव्हा केला नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते आकड्यांतलं कारण वाटत नव्हतं, नुसता धीर वाटत होता. तिने जोर वाढवला. होता तेवढा सगळा दिला. जहाज कण्हलं. माती काचेवर रेतीसारखी बडवत होती. डावं टोक आणखी खाली गेलं, जमिनीवरचे खडे दिसू लागले, एकेक खडा त्याच्या सावलीसकट, आणि मग ते टोक तिथेच थांबलं. थांबून राहिलं. उजवीकडच्या तोलचक्रांचा बारीक, चढत जाणारा घुमारा ऐकू आला, आणि क्षितिज, ओढून धरलेली दोरी कुणीतरी हळूहळू सैल सोडावी तसं, परत सरळ होत आलं.

ते वर निघालं. धूळ खाली राहिली. आभाळ आधी तांबडं, मग जांभळट, मग काळं झालं, आणि त्या काळ्यात ते कुबड काढलेलं, वेडंवाकडं, सगळ्या खोल्यांसकट अख्खं जहाज चढत राहिलं. कानांत एकदम इतके आवाज आले की कुठला कुणाचा ते कळेना. पोस्टमास्तर आपल्या भाषेत कसली तरी दुआ म्हणत होते आणि दिएप नुसती हसत होती, हसता हसता ठसका लागून पुन्हा हसत होती. रशदान म्हणाला, "आकडे परत मांडावे लागतील." मिरासोलला आत्ता कळलं की आपण खुर्चीत उजवीकडे इतके झुकलो आहोत की खुर्चीचा हात बरगडीत रुतला आहे. तिने मागे पाहिलं. पापाही स्टूलवर उजवीकडे कलले होते, एक हात तिच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून, दुसरा हवेत, खांदा लावल्यासारखे. त्यांचे डोळे पडद्यावर होते. दोघंही तशीच वाकडी बसून राहिली, कुणी आधी सरळ व्हावं हे न कळून. तिच्या अंगात ते आता वर चढत होतं, टाचांपासून, गुडघ्यांतून, पोटातून. आनंद म्हणायला तो फार टणक होता, फार भक्कम. तिला भूक लागली होती. गार झालेलं केळं तिने तीन घासांत संपवलं, आणि चटणी इतकी झणझणीत लागली की डोळ्यांत पाणी आलं.

पापा कधी उठून गेले ते तिच्या लक्षात आलं नाही. जहाज कक्षेत लावून, इंजिनं मंद करून, हेडफोन उतरवून ती मागे टेकली तेव्हा भिंतीपलीकडून, स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून त्यांचा आवाज येत होता. ते फोनवर होते. बांतायानमधल्या त्यांच्या धाकट्या भावाशी ते एरवी नाताळात आणि कुणी गेलं तरच बोलत, आणि त्याला कमी ऐकू येतं म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत.

"उठलं, उठलं म्हणतोय... नाही रे, पडलं नाही. झुकलं होतं. झुकलं होतं, डावीकडे. मग सरळ झालं... आपल्या चर्चपेक्षा मोठं. मनिला सोड, मनिलात कुठलं आलंय असलं... अरे माझी इंदाय. इंदायने बांधलं... हो, बाईने. बाईने बांधलं, आणि आत बायकाही होत्या. काय होतंय त्याने? काही होत नाही त्याने. कधीच काही होत नव्हतं... कोण? थांब, विचारतो."

ते दारात आले. फोन त्यांनी छातीशी दाबून धरला होता. सगळा वेळ ते तिच्या खुर्चीची पाठ धरून बसले होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

"तो विचारतोय, चालवत कोण होतं?"

मिरासोलने त्यांच्याकडे पाहिलं. पापा दाराच्या चौकटीत उभे होते, कशालाही न टेकता.

"मी," ती म्हणाली.

पापांनी फोन कानाला लावला. "ती," ते म्हणाले, आणि भावाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने, गल्लीतल्या माणसांनी माना वर कराव्यात एवढ्याने म्हणाले, "तीच."